आजीचा आवाज, तिची मापं आणि तिच्या गोष्टी फोनमध्ये नीट कशा जपून ठेवायच्या

माझ्या वडिलांच्या आईचा आवाज माझ्याकडे फक्त चौदा सेकंदांचा आहे. चुलत भावाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ, केक कापताना सगळे टाळ्या वाजवतायत आणि मागून ती विचारते, "पोरं जेवली का?" एवढंच. पाटण खोऱ्यातली होती ती, मी तिच्या मांडीवर वाढले, दर उन्हाळ्यात दोन महिने तिच्याकडे असायचे, आणि माझ्या हातात फोन असून मी तिचं काही म्हणजे काही रेकॉर्ड करून ठेवलं नाही. ती गेली तेव्हा हे लक्षात आलं आणि मग मी ठरवलं की आईच्या आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. ही आजी माण तालुक्यातली, वय पंच्याऐंशीच्या आसपास, नक्की कुणालाच माहीत नाही. गेली तीन वर्षं मी जमेल तसं तिचं रेकॉर्डिंग करतेय, आतापर्यंत एकेचाळीस फाइली झाल्यात, पहिल्या सात-आठ जवळजवळ वाया गेल्या, त्यातून जे शिकले ते इथे लिहितेय म्हणजे तुमच्या तरी वाया जाऊ नयेत.

सगळ्यात आधी एक गोष्ट. "आजी, तुझ्या जुन्या आठवणी सांग ना" असं म्हणून समोर फोन धरायचा नाही. मी तेच केलं होतं. आजी ताठ बसली, पदर सारखा केला, आणि "आता काय सांगायचं बाय, लय कष्टात दिस काढलं" असं म्हणून गप्प झाली. मी परत विचारलं, तिने परत तेच सांगितलं. वीस मिनिटांच्या फाइलमध्ये तीन मिनिटं बोलणं आणि बाकी पंख्याची घरघर. मला वाटलं तिला आता आठवत नाही, वय झालं. तसं अजिबात नव्हतं, तिच्या सगळ्या आठवणी हातात होत्या, नुसते तोंडी प्रश्न विचारून त्या येत नव्हत्या, तिच्या हातात काहीतरी द्यावं लागलं.

म्हणून पहिली पायरी ही की वस्तू शोधा. माळ्यावर, कणगीमागे, पत्र्याच्या ट्रंकेत, जिथे असेल तिथून. आमच्याकडे अडकित्ता निघाला, एक पितळी डबा निघाला झाकणावर आजोबांचं नाव कोरलेला, फुकणी, धान्य मोजायचं चिपटं आणि मापटं, एक फाटलेलं लुगडं. एका वेळी एकच वस्तू तिच्यासमोर ठेवायची आणि विचारायचं तेही साधंच, हे कुठून आलं, कुणी आणलं, केवढ्याला. अडकित्ता हातात घेतल्यावर आजी चाळीस मिनिटं बोलली. कुठल्या बाजारातून आणला, तिच्या सासूला सुपारी कशी कातरून लागायची, जाड झाली की सासू काय बोलायची, आणि मग सासूवरून सासऱ्यावर, सासऱ्यावरून बैलावर, बैल विकला त्या दिवशी घरात कुणीच जेवलं नाही तिथपर्यंत. मी मधे फक्त एकदा विचारलं, "बैलाचं नाव काय होतं?"

हे नाव विचारणं फार कामाचं आहे. बैलाचं, विहिरीचं, शेताच्या तुकड्याचं, वर्गातल्या बाईंचं. "कसं वाटलं तुला तेव्हा" असं विचारलं तर आपल्या आज्यांना उत्तर देता येत नाही, त्यांना कुणी कधी तसं विचारलेलंच नसतं. पण "तुमच्या परड्यात कुठलं झाड होतं" विचारलं की झाड येतं, झाडाखाली कोण बसायचं ते येतं, आणि कसं वाटलं ते आपोआप त्यात येतंच.

आता फोनचं बघू, हे पटकन सांगते. वेगळा महागडा माइक लागत नाही, फोनमधलं साधं व्हॉइस रेकॉर्डर ॲप चालतं, फक्त सेटिंगमध्ये जाऊन क्वालिटी हाय करून ठेवा. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर नेमक्या वेळी कुणाचा तरी कॉल येतो आणि काही फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथेच थांबतं, माझं दोनदा थांबलंय. पंखा बंद, टीव्ही बंद, शेजारी पिठाची गिरणी असेल तर लाइट गेलेली वेळ बघा. फोन आजीच्या तोंडापासून दोन वीत अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवायचा, कारण पाटावर किंवा स्टूलवर नुसता ठेवला तर हात लागला, बांगडी वाजली तरी मोठा धाडधाड आवाज येतो. आधी तीस सेकंद रेकॉर्ड करून ऐकून बघा. आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला स्वतःच्या तोंडाने सांगा, आज तारीख अमुक, गाव अमुक, समोर कोण बसलंय. फाइलचं नाव पुढेमागे बदलतं, पुसलं जातं, आत बोललेलं कुठे जात नाही.

साध्या फॉरमॅटमध्ये एक तासाला साधारण साठ एमबी लागतात, वेव्ह (WAV) फॉरमॅट असेल तर सहाशेच्या आसपास, त्यामुळे जागा आहे का ते आधी बघून घ्या. बोलण्यासाठी साधा फॉरमॅट पुरतो, गाणी-ओव्या असतील तर मी वेव्ह वापरते.

वेळ कुठली, तर आजीची. आमची आजी सकाळी अंघोळ, देवपूजा, चहा झाला की दारातल्या उन्हात बसते ते तासभर सगळ्यात छान बोलते. संध्याकाळी तिला कमी ऐकू येतं, चिडचिड होते. ऐकू कमी येत असेल तर ज्या कानाने चांगलं ऐकू येतं त्या बाजूला बसा आणि ओरडून न विचारता हळू, सुटं सुटं विचारा. अर्ध्या-पाऊण तासाच्या वर एका वेळी नको. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे आपण गप्प बसायचं. ती थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा मोह होतो, तो आवरा. मनात दहा आकडे मोजा. माझ्या एका फाइलमध्ये असा मोठा पॉज आहे, बाहेर कोंबडी ओरडतेय, मी तोंड उघडणार एवढ्यात आजी म्हणाली, "आनि मग ती पोरगी गेली." तिची पहिली मुलगी, आईच्या आधीची, अडीच वर्षांची होऊन गेली. आईलाही माहीत नव्हतं. मी त्या क्षणी बोलले असते तर आजीने विषय सोडून दिला असता, ते मला अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं.

"हं, हं" असा हुंकार आपल्याला द्यायची सवय असते, आज्यांना तो लागतोसुद्धा, पण रेकॉर्डिंगमध्ये तो त्यांच्या शब्दावर चढतो. मान हलवा, डोळ्यांनी बोला.

माप कसं पकडायचं

आजीच्या हातचं सगळ्यांना जपायचं असतं आणि सगळे तिथेच अडकतात कारण ती म्हणते "अंदाजानं घालायचं". अंदाजच मोजायचा आहे आपल्याला. त्यासाठी एक डिजिटल वजनकाटा घ्या, घरगुती, आणि तिला काहीही मोजायला लावू नका, तिला तिच्या हाताने टाकू द्या. युक्ती अशी की सामानाचे डबे आधी वजन करून ठेवायचे, सगळं झाल्यावर परत वजन करायचं, जेवढं कमी झालं तेवढं तिने घातलं. तिच्या मुठीचं वजन करा, तिच्या चिमटीचं करा. माझ्या आजीची मिठाची चिमूट माझ्या चिमटीच्या जवळजवळ दीडपट भरली, तेव्हा कळलं माझी आमटी अळणी का व्हायची.

मापं जुनी असतील तर तीही लिहून घ्या, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. पण हे कोष्टक पाठ असून पुरत नाही कारण एका भागातली पायली आणि दुसऱ्या भागातली पायली सारखी भरत नाही, त्यामुळे तिच्या घरातलंच मापटं घ्या, त्यात तिचंच धान्य भरा आणि काट्यावर ठेवा.

मी कुरडईचं केलं ते सविस्तर सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा, तो रात्रभर ठेवून सकाळी वरची निवळ ओतून द्यायची आणि जेवढा चीक तेवढंच पाणी उकळायला ठेवून त्यात मीठ, हिंग आणि मग चीक ओतून हाटायचा. हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. पुस्तकात मिळत नाही ते असं, की आजी निवळ ओतताना बोट बुडवून चिकटपणा बघते, वास घेते, वास जास्त आंबूस आला तर अजून एक पाणी घालून थोडा वेळ ठेवते. चीक शिजला की नाही बघायला ओल्या हाताने वरून थापटते, हाताला लागला नाही म्हणजे झाला. आणि हाटताना तिचा उजवा हात फिरवतो पण जोर डाव्या पायावर असतो, ती पाय मुडपून बसते, हे मी व्हिडिओ परत परत बघितल्यावर दिसलं. म्हणून रेसिपीचा व्हिडिओ करताना चेहऱ्याचा मोह सोडा, हातांवर धरा, जवळून, आणि एकदा लांबून पूर्ण बसलेली. पहिल्यांदा करताना नुसतं बघा, मदत करू नका. दुसऱ्यांदा तुम्ही करा आणि तिला बघू द्या, ती जिथे जिथे ओरडेल तिथे तिथे खरी रेसिपी आहे. "आगं दमानं, गुठळी व्हईल", "आता जाळ कमी कर", "पळी सोडू नगंस". हे ओरडणं रेकॉर्ड झालंच पाहिजे.

तो गरम चीक वाटीत घालून वर दूध-साखर, आणि आम्ही सगळी भावंडं ओट्यावर ओळीने बसलेली, मोठ्या काकू-मावश्या गच्चीवर साड्या अंथरून सोऱ्याने कुरडया पाडतायत, कावळे हाकलायची ड्यूटी लहानांची. हे मला लिहून ठेवायची गरज नाही, जिभेवर आहे. पण माझ्या मुलीला तो चीक तिच्या पणजीच्या हातचाच खायला मिळाला, गेल्या मे मध्ये, आणि व्हिडिओत तिचा आवाज येतो, "आई हे काय आहे, अजून दे." तेवढा भाग मी कापणार होते, बरं झालं कापला नाही.

ओव्या

तुमच्या आजीने जात्यावर दळलं असेल तर हे सगळ्यात आधी करा, बाकी सगळं बाजूला ठेवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या आता पारी या वेबसाइटवर टप्प्याटप्प्याने आल्यात, ऐकायलाही मिळतात. मी त्या ऐकल्या आणि मग डोक्यात आलं की आपल्याच घरात एक बाई आहे जिने तीसेक वर्षं पहाटे उठून दळलंय आणि तिला आपण कधी विचारलंच नाही.

विचारल्यावर आजी म्हणाली, "न्हाय गं, समदं इसारलं." मग आम्ही परड्यात उलटं पडलेलं जातं धुऊन आणलं, नीट बसवलं, मूठभर ज्वारी घातली आणि तिचा हात खुंट्यावर ठेवला. दोन फेरे तिने नुसते फिरवले. तिसऱ्या फेऱ्याला सुरू झालं, आपोआप, आणि अकरा ओव्या एका दमात आल्या, आई दारात उभी राहून रडत होती. बसून आठव म्हटलं तर एकही येत नव्हती. ओवी दगडाच्या चालीवर येते, त्यामुळे जातं मिळालं नाही तर निदान पाटा-वरवंटा, सूप, पाळणा, जे मिळेल ते हलतं काहीतरी तिच्या हातात द्या.

रेकॉर्डिंगची अडचण ही की जात्याची घरघर आवाज खाऊन टाकते. फोन जमिनीवर न ठेवता तिच्या डोक्याच्या उंचीला, मागच्या भिंतीच्या खुंटीला पिशवीत टांगा, किंवा ब्लाउजला लावायचा छोटा कॉलर माइक मिळतो तो लावा. एकदा जात्यावर घ्या आणि तेच परत लगेच जातं थांबवून नुसते शब्द बोलून घ्या, कारण गाताना शब्द गिळले जातात आणि दोन वर्षांनी तिलाही सांगता येत नाही काय होतं. आणि ओवीत जी नावं येतात ती कुणाची ते विचारा. बायका ओवीत आपल्या भावाचं, लेकाचं, बापाचं नाव घालतात, म्हणजे ओवीच्या आत घरातलीच माणसं बसलेली असतात. आजीच्या एका ओवीत एका भावाचं नाव आलं जे कुणालाच माहीत नव्हतं. विचारल्यावर कळलं, मानलेला भाऊ, दुष्काळात रस्त्याच्या कामावर शेजारी खडी फोडायला बसायचा.

सालं कशी लावायची

आज्या साल सांगत नाहीत, त्या सांगतात "थोरला रांगत व्हता तवा". हे वंशावळीत लिहिता येत नाही, पण सगळ्यांना माहीत असलेल्या घटनेला बांधता येतं. म्हणून तुमच्या भागातल्या मोठ्या घटनांची यादी आधी करून खिशात ठेवा. आमच्याकडे १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, तेव्हा खायला वाटायचे ती सुकडी, रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी. पुण्याकडे असाल तर १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. मुंबईच्या गिरणगावातल्या आज्यांना १९८२ चा गिरण्यांचा संप. नवे पैसे आले ते एप्रिल १९५७, त्याच्या आधी आणे होते, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे आजीने एखाद्या खरेदीचा भाव आण्यात सांगितला तर ती साधारण कधीची ते कळतं, फक्त आण्यात बोलायची सवय पुढेही बरीच वर्षं टिकली होती, तेवढं धरून चाला. मग विचारायचं, सुकडी मिळायची तेव्हा आई शाळेत जायची का? पाळण्यात होती का?

आज्या नसलेल्या लोकांसाठी इथेच सांगते. वडिलांची आई गेली, पण तिची धाकटी जाऊ अजून पाटणजवळ गावात आहे, आमची चुलत आजी. मागच्या वर्षी मी तिच्याकडे जाऊन बसले, खरं तर काही मिळेल अशी आशा नव्हती. कोयनेचा भूकंप विचारला, ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, सगळे झोपेत. ती म्हणाली, "तुझ्या आजीनं तुझ्या बापाला लुगड्यात गुंडाळला आन अंगणात पळाली, सव्वा म्हयना बी नीट झाला नव्हता तिला." मी तिथेच बोटांवर मोजलं. म्हणजे बाबांचा जन्म नोव्हेंबर १९६७ च्या सुरुवातीचा, दिवाळीच्या दिवसांतला. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६६ आहे, गावाकडच्या कितीतरी माणसांची तारीख १ जूनच आहे कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच टाकली. चुलत आजीला विचारलं दिवाळी होती का, तर म्हणाली व्हय की, बाळंतिणीला फराळ द्यायचा न्हाय म्हणून हिची करंजी मी खाल्ली. बाबांना संध्याकाळी फोनवर सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे आई मला घेऊन पळाली होती."

तर आजी गेली असेल तर तिची जाऊ, तिची बहीण, तिच्या माहेरची वहिनी, शेजारीण, जिच्याबरोबर ती पाण्याला जायची ती मैत्रीण, यांच्याकडे जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, आजीचा एखादा फोटो मोठा प्रिंट करून न्या आणि त्यांच्या हातात द्या. आणि आजीचं काय आठवतं असं विचारण्याऐवजी तिच्याशी भांडण कशावरून झालं होतं ते विचारा, जावा ते कधी विसरत नाहीत, आणि सांगताना इतक्या मायेने सांगतात की आपल्याला जिवंत आजी दिसते.

माहेरचं नाव

हा प्रश्न सगळ्यांनी विचाराच. लग्नात नाव बदललेल्या कितीतरी आज्या आपल्या घरात आहेत, आणि आपल्याला फक्त दुसरं नाव माहीत असतं, आधार कार्डवरचं. मी आजीला विचारलं तेव्हा ती आधी लाजली. मग नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, तिने ते आम्हाला सांगितलंय. त्या नावाने तिला शेवटची हाक तिच्या भावाने मारली होती, तो जाऊन वीस वर्षं झाली. आता माझी मुलगी कधीकधी फोनवर तिला त्या नावाने हाक मारते आणि ती "ओ" देते, आवाज बदलतो तिचा, ते मी रेकॉर्ड केलंय.

नवऱ्याचं नाव ती साध्या बोलण्यात घेत नाही, "तुझा आज्या" म्हणते, तर ते रेकॉर्डवर हवं असेल तर उखाणा घ्यायला सांगा. एक घेतला की पाच येतात.

गोंदण असेल तर त्याचा फोटो काढा, खिडकीतून बाजूने येणाऱ्या उजेडात, फ्लॅश नको. कपाळावरचं, हातावरचं, दंडावरचं, प्रत्येकाचं नाव असतं आणि कुणी गोंदलं, कुठल्या जत्रेत, किती दुखलं ही गोष्टही असते.

जुने फोटो फ्रेममधून ओढून काढू नका, काचेला चिकटलेला फोटो फाटतो, काचेसकटच फोनने काढा, खिडकीजवळ, वरून सरळ, सावली पडू न देता. मग आजीला दाखवून डावीकडून उजवीकडे नावं बोलून घ्या, आणि फोटोत कोण नाहीये तेही विचारा. सुट्या फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने, बॉलपेनचे ओरखडे पुढच्या बाजूला उमटतात.

जे सांगू नको म्हणाली ते

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीलाच सांगा की हे फोनमध्ये राहणार आहे, कुणी कुणी ऐकणार आहे. आजी कधीकधी अचानक हात वर करून म्हणते, "हे टेपात घालू नगंस." तेव्हा बंद करा, खरंच बंद करा, फोन तिच्या हातात देऊन दाखवा. मी एकदा बंद केला नव्हता, कारण ती जे सांगत होती ते खूप मोठं होतं, आणि रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी तिला सांगितलं आणि तिच्यासमोर ती फाइल पुसली. त्यानंतर ती माझ्याशी जास्त मोकळी बोलायला लागली. जमिनीचे वाद, जावाजावांचं, कुणाच्या लग्नातलं देणंघेणं, असलं काही आलं तर ती फाइल वेगळी ठेवा आणि फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

विसरायला लागलेली आजी असेल तर चुकीचं दुरुस्त करू नका. माझ्या मैत्रिणीची आजी तिला स्वतःची बहीण समजून बोलते, तर मैत्रीण बहीण होऊन ऐकते, आणि तिला पन्नासएक वर्षांपूर्वीचं घर आतून बाहेरून कळलंय. शिवाय बोलणं अडखळत असलं तरी भजन, आरती, पाळणा पूर्ण येतो कित्येकदा, तिथून सुरू करा.

ठेवायचं कुठे

फाइल व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करून "सेव्ह झालं" समजू नका, फोटो नेहमीसारखा पाठवला की दबतो, रेकॉर्डिंग आणि फोटो दोन्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन ठिकाणी ठेवा, एक तुमच्या कॉम्प्युटरवर, एक क्लाउडवर, एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क दुसऱ्या गावात राहणाऱ्या नातेवाइकाकडे. माझ्या पहिल्या चार फाइली फोन पाण्यात पडून गेल्या. नाव देताना आधी साल, मग महिना, मग दिवस, मग विषय, म्हणजे ओळीने लागतात. वर्षातून एकदा सगळं उघडून ऐकून बघा, मी संक्रांतीला करते.

आणि लिहून काढा, निदान थोडं. एका तासाच्या रेकॉर्डिंगला मला पाच-सहा तास लागतात, फोनमधल्या बोलून टाइप करणाऱ्या ॲपला आजीची बोली समजत नाही, हातानेच करावं लागतं. पण लिहिताना ती जसं बोलली तसंच लिहा. व्हतं ला होतं करू नका, न्हाय ला नाही करू नका. माझ्या मावसभावाने प्रेमाने सगळं "शुद्ध" करून टाइप केलं होतं, वाचल्यावर ती कुणाचीच आजी वाटेना, मग परत पहिल्यापासून केलं. अडलेले शब्द शेवटी वेगळे लिहा, अर्थासकट, तिलाच विचारून. आमच्या यादीत आता दोनशे बारा शब्द आहेत.

एक शेवटचं, रेकॉर्डिंग झालं असं सांगून लगेच बंद करू नका. "झालं आजी" म्हटलं की तिचे खांदे सैल पडतात आणि मग ती बोलते. अडतीस नंबरच्या फाइलमध्ये शेवटची सहा मिनिटं अशीच आहेत. मी उठून पाणी प्यायला गेले, फोन टॉवेलवर चालूच, आणि आजी एकटीच फोनकडे बघून हळू आवाजात माझ्या आजोबांशी बोलतेय, पाऊस झाला नाही म्हणून सांगतेय, विहिरीला पाणी किती आहे ते सांगतेय, मी आले म्हणून सांगतेय. मला हे पुण्यात परत आल्यावर कळलं. पुढच्या वेळी गेल्यावर तिला विचारलं, ठेवू का पुसू? म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पावसाचं खरंच सांगितलंय त्यास्नी."

येत्या मे मध्ये परत जातेय. वजनकाट्याचे सेल नवीन घेतलेत, आणि यादीत पहिला प्रश्न आहे तिच्या माहेरच्या विहिरीचा, तिला तिथेच घेऊन जाऊन विचारायचा.